कापण्यासाठी लिहिलेली योजना

दर पाच वर्षांनी आमचं शेती खातं पुढच्या पाच वर्षांच्या योजनांसाठी वित्त खात्याकडे पैसे मागायला जातं, आणि दर वेळी त्या मागणीत मी एक बकरा घालतो. बकरा म्हणजे कुणालाही नको असलेली, निव्वळ कापली जाण्यासाठी लिहिलेली योजना. वित्तवाल्यांना काहीतरी कापल्याशिवाय अन्न पचत नाही. त्यांनी बकरा कापायचा, आम्ही डोळे पुसायचे आणि बाकीच्या योजना सुखरूप घरी आणायच्या. ही रीत मी नोकरीला लागायच्या आधीपासूनची आहे.

यंदाचा बकरा होता पाखरं हुसकवणारे आरसे. बांधावर आरसे लावायचे, ऊन चमकलं की पाखरं पसार. त्यावर मी अकरा पानं लिहिली, तक्ते जोडले, 'अत्यंत निकडीची' असा शेराही मारला. गुरांच्या फिरत्या दवाखान्यावर मात्र गेल्या खेपेच्याच चार ओळी उतरवल्या. त्या गाडीवर माझी सख्खी ताई डॉक्टर होती. बावीस गावांत गुरांना दुसरा डॉक्टर नव्हता. एवढी उघड गरज आणखी काय लिहायची, असं मला वाटलं.

बैठकीत वित्त खात्याच्या मोठ्या बाई यादी वाचत आरशांपाशी थांबल्या. शेजारी बसलेल्या आमच्या खात्याच्या साहेबांनी मला कोपर मारलं. रडायचं काम माझ्याकडे असतं.

"मॅडम, बाकी काहीही कापा, पण आरशांना हात लावू नका," मी म्हणालो. गळा इतका झकास दाटून आला की साहेबांनीही कौतुकाने पाहिलं.

बाईंनी चष्मा काढला. "खरंच पळतात पाखरं?"

"एक टिकत नाही, मॅडम."

"कबुतरंसुद्धा?"

इथे मी सावध व्हायला हवं होतं. पण माझ्या अंगात आलं होतं ना! "कबुतरं तर सगळ्यात आधी," मी ठोकून दिलं.

"आमच्या गॅलरीत नुसता उच्छाद मांडलाय मेल्यांनी," बाई म्हणाल्या आणि आरशांपुढे हिरवी खूण केली. "उलट दुप्पट देऊ. इतक्या तळमळीची माणसं राहिलीत कुठे? फक्त एकूण आकडा वाढणार नाही हं. तुम्हीच म्हणालात, बाकी काहीही कापा." त्यांनी पानं उलटली. "ही गुरांची गाडी घ्या. चार ओळी! तुमचाच हिच्यात जीव दिसत नाही."

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी बिस्किटाकडे पाहिलं. आरसे खोटे आहेत म्हणावं, तर अकराव्या पानावर साहेबांची सही होती आणि तिच्याखाली, मसुदा करणारा म्हणून, माझी. आम्ही आभार मानले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, तरी पुढ्यातला चहा मी संपवलाच.

महिन्याभराने ताई गाडीची किल्ली जमा करायला माझ्या टेबलाशी आली. तिची नेमणूक, अर्थातच, आरशांवर झाली होती.

"गाडी कालपासून बंद, आणि सकाळी एका गावातून फोन आला," खुर्चीत टेकत ती म्हणाली. "गाय अडली होती, वासरू आडवं होतं. सांगता येईल तेवढं सांगितलं रे. पण फोनवरून हात थोडाच घालता येतो?"

"मग?"

"दोन्ही गेली."

मी पावतीपुस्तक शोधायला लागलो. ते समोरच होतं. ताईने पिशवीतून अकरा पानं काढली. नव्या कामाचे कागद म्हणून तिला तीच दिली होती.

"सगळी वाचली. फार सुंदर लिहिलंय. मलासुद्धा घटकाभर पटलं."

तिने शेवटचं पान उलटून माझ्यापुढे सरकवलं.

"कुणी लिहिलं ते विचारत नाही. तुझी सही ओळखते मी," ती म्हणाली. "गुरांवर एक पान तरी लिहायचं होतंस."

तिने किल्ली टेबलावर ठेवली. मी पावती फाडून दिली. तिच्यावरही माझीच सही लागते.