अस्सल हिरवा

मामाने नोकरीची सगळी वर्षं एका विमा कंपनीत काढली. जुनी गाडी बघायची, तिच्याभोवती एक फेरी मारायची आणि किंमत शून्य असा शेरा मारून यायचं, हे त्याचं काम. निवृत्त झाल्यावर त्याने तसलाच एक ट्रक विकत घेतला. मामीच्या मते, शून्य लावलेल्या सगळ्या गाड्यांनी मिळून हा सूड उगवला होता.

ट्रक मामाच्याच वयाचा, लांब नाकाचा, हिरवा. तो येऊन घराशेजारच्या शेडमध्ये बसला आणि तिथलं मामीचं कापड कापायचं लांब टेबल घरात आलं. मामी पडदे शिवते. टेबल घरात मावेना म्हणून त्याचे दोन तुकडे झाले. एकावर आम्ही जेवायचो, दुसऱ्यावर मी झोपायचे. माझ्या हातात भौतिकशास्त्राची पदवी होती, नोकरी नव्हती, म्हणून मी मामाकडे राहायला आले होते. येणाऱ्याजाणाऱ्याला माझी ओळख "आमची सायंटिस्ट" अशी करून दिली जायची, विशेषतः बल्ब गेला की.

त्या हिवाळ्यात मामीला नाट्यगृहाच्या रंगमंचाचा पडदा शिवाल का, अशी विचारणा झाली. जड मखमल, रंगमंचाएवढी रुंद. सगळ्या पट्ट्यांची लव एकाच दिशेला राहावी लागते, नाहीतर दिव्याखाली पडदा ठिगळं लावल्यासारखा दिसतो. त्यासाठी अख्खं कापड पसरायला जागा हवी. अशी जागा मामीला माहीत होती. तिथे ट्रक उभा होता.

"असलं काम जन्मात एकदा येतं," मामी म्हणाली. "शेड द्या. नाहीतर मी त्यांना नाही म्हणून कळवते, पण मग मी मरेपर्यंत बोलून दाखवणार. आत्ताच सांगून ठेवते."

मामा घाबरला. त्याने वचन दिलं. महिनाअखेरीला जुन्या वाहनांच्या मंडळाची तपासणी होती. त्यात ट्रकला पाटी मिळाली नाही, तर ट्रक विकायचा आणि शेड मामीची. मिळाली, तर ट्रक आहे तिथेच राहणार आणि मामीने अवाक्षर काढायचं नाही. मामीने नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाकडून तपासणीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत मागून घेतली.

पाटीबद्दल थोडं सांगायला हवं. मंडळाच्या पाट्या दोन. एक 'नूतनीकृत'. ही ज्याला मिळते त्याच्याकडे बाकीचे सभासद आगंतुक पाहुण्याकडे बघावं तसं बघतात. दुसरी 'अस्सल'. ही फक्त कारखान्यातून निघालेला रंग अजून अंगावर असलेल्या गाडीला. आदल्या वर्षी मामाने ट्रक होता तसा दाखवला होता. त्याच्यावर खरोखर कारखान्यातलाच रंग होता, विटलेला आणि भेगाळलेला. मंडळाने शेरा मारला, 'दुर्लक्षित'. म्हणून यंदा मामाने तो अस्सल रंग पॉलिश पेपरने घासून साफ काढून टाकला आणि अस्सल दिसेल असा नवा लावायचं ठरवलं.

"मामा, अरे, अस्सल होता तोच तर तू काढलास."

"होता अस्सल. पण दिसत नव्हता ना!" मामा म्हणाला. "हे कॉलेजात शिकवत नाहीत."

रंगाऱ्याला सगळे फिनिशिंग म्हणत. कुठलीही चूक दाखवली की "ते फिनिशिंगला निघेल" हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्याचं एकही काम फिनिशिंगपर्यंत पोचल्याचं कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्याचा दावा खोटाही ठरत नसे. विज्ञानात अशा विधानाला फारशी किंमत नाही. धंद्यात मात्र त्याच्यावर घर चालतं.

थंडी अशी पडली होती की सकाळी शेडमधल्या बादलीत बर्फाची चकती तरंगायची. पाना उघड्या हाताने धरवत नव्हता. पत्र्याच्या खड्ड्यांत भरलेली पुट्टी वाळायचं नाव घेईना. रंग डब्यात काकवीसारखा घट्ट झालेला. फिनिशिंगने मडगार्डावर पहिला फवारा मारला तेव्हा गन दमेकऱ्यासारखी खोकली आणि पत्र्याला गोवर उठला.

"फिनिशिंगला निघेल," फिनिशिंग म्हणाला.

"निघेल, पण त्याला ऊब पाहिजे," मामा म्हणाला आणि घरातले सगळे गॅसचे हीटर उचलून शेडमध्ये घेऊन गेला. शिवाय ट्रकच्या नाकासमोर स्टोव्हवर चहाचं पातेलं दिवसभर उकळत ठेवलं. आम्ही घरात कोट घालून जेवायला लागलो. मामी हातमोज्यांची बोटं कापून सुईत दोरा ओवायची.

"माझ्यासाठी कधी एक हीटर जवळ सरकवला नाही या माणसाने," ती म्हणायची. "पुढच्या जन्मी मला चाकं असू देत."

शेडमध्ये पाऊल टाकलं की माझा चष्मा पांढरा व्हायचा. तो पुसता पुसता एकदा माझ्या लक्षात आलं. गॅस जळतो तेव्हा नुसती उष्णता तयार होत नाही, पाणीही तयार होतं, वाफेच्या रूपात. त्यात चहाच्या वाफेची भर. हवा तापली होती, लोखंड तापलं नव्हतं. एवढा मोठा ट्रक, रोज रात्री गारठणारा, दिवसभरात तापेल कसा? थंड पत्र्यावर ती वाफ येऊन बसणारच, माझ्या चष्म्यावर बसते तशी.

"मामा, हा रंग झटपट सुकणारा आहे," मी म्हणाले. "सुकताना पत्रा आणखी गार करतो. आणि आत एवढी वाफ. रंग दुधाळ होईल."

मामाला विज्ञान फार आवडायचं, फक्त ते त्याच्या बाजूचं असावं लागे. "तू पुस्तकातलं बोलतेस. हात लावून बघ, केवढी ऊब आहे!"

"हवेला आहे. पत्र्याला लाव ना हात."

त्याने पत्र्याला हात लावला, झटकन मागे घेतला आणि खिशात घातला. "उबदारच आहे," तो म्हणाला.

निदान रंग मारताना तरी आगी विझवा, थिनर भडकेल, असं मी ओरडून सांगितलं. तेवढं त्यांनी ऐकलं. हीटर विझले, स्टोव्ह विझला, वाफ तेवढी दार बंद करून आत कोंडली गेली. फिनिशिंगने तोंडाला फडकं बांधून अख्खा ट्रक एका दमात रंगवला. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी पूर्ण झालं होतं. मामाने त्याला मिठी मारली.

रंग सुकत गेला तसा ट्रक बदलत गेला. चकचकीत हिरव्यावर आधी एक फिकट साय धरली. मग ती दाट होत गेली. संध्याकाळपर्यंत सगळा ट्रक कोणीतरी त्याच्यावर ताक ओतून ठेवल्यासारखा दिसू लागला.

"फिनिशिंगला..." फिनिशिंगने सुरुवात केली.

"गप रे!" मामा म्हणाला.

मामीने दारातून एक नजर टाकली. तिने कपाटातला ठेवणीतला कपांचा सेट काढला आणि सगळ्यांना स्वतः चहा करून दिला, फिनिशिंगलासुद्धा. मग टेप घेऊन ट्रकच्या बाजूने शेडची लांबी मोजत गेली. मामा तिच्याकडे बघत होता, हे बघून तिने रुंदीही मोजली.

पुन्हा रंगवायला वेळ उरला नव्हता. तपासणीच्या सकाळी मंडळाचे अध्यक्ष आले, सोबत माना डोलवायला दोन सभासद. अध्यक्षांनी पांढरे हातमोजे घातले होते आणि गळ्यात भिंग अडकवलेलं होतं. मामा भिंतीला टेकून उभा होता. नोकरीत त्याने हजारो लोकांना या जागी उभं केलं असणार.

अध्यक्षांनी ट्रकभोवती एक फेरी मारली. दुसरी मारली. बॉनेटजवळ थांबून भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ श्वास रोखून धरला.

"ही साय," ते हळूच म्हणाले, "ही काळाची साय आहे."

दोन्ही सभासदांच्या माना डोलल्या.

"असा हिरवा आता कोणाला बनवता येत नाही. यासाठी पिढ्या जाव्या लागतात."

"साहेब," मी म्हणाले, "हा रंग मागच्याच आठवड्यात—"

"मुली, शिकलेली दिसतेस. पण अनुभवाला पर्याय नसतो." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं, लहान मुलाला खाऊ द्यावा तसं. "बघ. नवीन रंगात अशी खोली येते का?"

"साहेब, शपथेवर सांगतो," फिनिशिंग छाती काढून पुढे आला, "या ट्रकला मी नुसता हातसुद्धा—"

मामा एवढ्या मोठ्याने खोकला की पुढचं कोणाला ऐकू आलं नाही.

"गेल्या वर्षी ट्रक दुर्लक्षित होता," अध्यक्ष म्हणाले. "यंदा मालकांनी तो नुसता धुतला आणि खालचं सोनं वर आलं. मी 'अस्सल' देतो."

मामाचे डोळे भरून आले. मामीने ओढणीच्या टोकाने स्वतःचे टिपले, पण तिचे वेगळ्या कारणाने भरले होते. दुसऱ्या दिवशी तिला नाट्यगृहाला नाही म्हणून सांगायला जायचं होतं. ती घराकडे वळली, दोन पावलं गेली आणि थांबली. तिचा चेहरा मी ओळखते. कापडात कुठून कात्री घालायची हे सापडलं की तो असाच होतो.

"अध्यक्षसाहेब," ती परत येऊन अगदी गोड आवाजात म्हणाली, "एवढा मौल्यवान रंग. तो जपायचा कसा, तेवढं सांगा. म्हणजे आमच्याकडून काही चूक नको व्हायला."

अध्यक्षांनी हनुवटी खाजवली. सभासदांच्या माना कुठल्या दिशेला डोलाव्यात ते न कळून थांबल्या.

"आमच्या भाचीला विचारू या का? ती यातलंच शिकलीय," मामी म्हणाली. माझ्याकडे वळून म्हणाली, "खरं तेच सांग हं, बाळ. ही साय कशाने जाईल?"

एवढा सोपा प्रश्न मला परीक्षेतही आला नव्हता. "उबेने," मी म्हणाले. "ही साय दमटपणामुळे धरलेली असते. बंद, उबदार जागेत गाडी ठेवली तर ती हळूहळू विरून जाऊ शकते. रंग चकचकीत होईल."

"चकचकीत!" अध्यक्षांनी छातीला हात लावला.

"मग पाटी?" मामीने विचारलं.

"पाटी कसली राहते! दरवर्षी फेरतपासणी असते, वहिनी. साय गेली की पाटी गेली." ते मामाकडे वळले. "आज, आत्ता ट्रक या कोंदट शेडमधून बाहेर काढा. वर छप्पर चालेल, बाजूंनी वारा खेळता हवा. हीटर तर जवळपाससुद्धा नको."

"पण आमचं असं ठरलंय की ट्रक आहे तिथेच..." मामा म्हणाला.

"तुम्ही अस्सलचे मालक आहात की नाही?"

मामाने मामीकडे पाहिलं. मामीने अवाक्षर काढलं नाही. तिने तसं कबूलच केलं होतं.

दुपारी आम्ही सगळ्यांनी मिळून ट्रक ढकलत बाहेर काढला आणि अंगणाच्या उत्तरेला, जिथे ऊन कधी पोचत नाही, तिथे चार खांबांवरच्या पत्र्याखाली उभा केला. सभासदांनी तेव्हा पहिल्यांदा मानेऐवजी हात वापरले. टेबलाचे दोन तुकडे शेडमध्ये गेले आणि फिनिशिंगने ते जोडून दिले. जोड जरा वरखाली झाला. त्यावर तो काय म्हणाला ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मामी नाट्यगृहात जाऊन हो म्हणून आली. मखमल आली, किरमिजी, गाठोड्यांनी. शेड झाडून, पुसून, दार उघडं ठेवून ती चांगली कोरडी होईपर्यंत सगळे हीटर लावून मामीने मखमल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि अनवाणी तिच्या कडेने चालत लव एका दिशेला वळवत गेली. दार ढकलून मामा आत आला. कानटोपी, मफलर, नाक लाल. ट्रकवर ऊन येतंय का हे बघत तो सकाळपासून बाहेर उभा होता.

"अगं, जरा शेकू दे."

"तिथे कोपऱ्यात बसा. कापडावर पाय पडला तर याद राखा."

तो हीटरपाशी उकिडवा बसला. हात शेकत थोडा वेळ तो मखमलीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळून, दबक्या आवाजात म्हणाला, "काय गं सायंटिस्ट, उन्हाळ्याचं काय करायचं?"

"अहो, बोलू नका तिच्याशी," मामी कात्री उचलत म्हणाली. "तिने टोक धरलंय."