दोन मिनिटं टेकलेला दामाजी

कोलशेतच्या बंदरावर माणूस म्हातारा झाला की नाही हे ठरवायला डॉक्टर लागत नसे, दाखला लागत नसे, आणि जन्मतारीख तर कुणाला ठाऊकच नव्हती. त्यासाठी किनाऱ्यावर एक उलटी घातलेली होडी होती. तिच्या पाठीवर जो टेकला, तो म्हातारा. मग त्याच्या हातात जाळं सांधायची बांबूची सुई यायची, कपाऐवजी पेल्यातून चहा यायचा, लग्नात पहिल्या पंगतीला मान मिळायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या होडीचं सुकाणू मुलाच्या हातात जायचं. जाहीर वगैरे कुणी काही करायचं नाही. इतकी सुटसुटीत पद्धत ठाण्याच्या सरकारी कचेरीतही नव्हती. तिथे म्हातारं व्हायला अर्जाच्या तीन प्रती लागत.

दामाजीला हे सगळं पक्कं माहीत होतं. म्हणून तो त्या होडीला लांबून वळसा घालून जायचा, जसं एखाद्या चावऱ्या कुत्र्याला घालतात. त्याची बायको मनुबाई त्याला बासष्टचा धरायची, तो स्वतःला चोपन्नचा. चाळीस वर्षं सुकाणू त्याच्याकडे होतं आणि ते सोडायचा त्याचा काडीचाही विचार नव्हता. मुलगा गुणाजी बत्तीस वर्षांचा होता. तो पुढे बसून वल्हं मारायचा आणि बाप म्हणेल तिकडे जायचा.

एक्याण्णव सालच्या चैत्रात, एका मंगळवारी दुपारी, जाळं ओढताना दामाजीच्या टाचेत शिंगाळी माशाचा काटा गेला. शिंगाळी मेली तरी काट्यातून वैर सोडत नाही. दामाजी किनाऱ्यावर उतरला तो एका पायावर नाचतच, आणि नाचता नाचता जे पहिलं हाताला लागलं त्याच्यावर बसला.

होडीवर आधीच चौघे होते : धाकू, महिपत, तानाजी, धोंडिबा. चौघेही बाजूला सरकले. त्या सरकण्यात इतकी माया होती, की दुसऱ्या कुणाच्या अंगावर काटा आला असता. दामाजीचा आधीच पायात होता. धाकूने सुई पुढे केली. काटा उकरायला टोकदार काहीतरी हवंच होतं. दामाजीने ती घेतली.

काटा निघेपर्यंत बातमी घरी पोचलेली. मनुबाईने फळीवरचा पेला घासून ठेवलेला.

“ह्यो पेला कशाला?” लंगडत घरी आलेल्या दामाजीने विचारलं.

“सवय करा आता,” मनुबाई म्हणाली.

गुणाजी दारात उभा होता. एका दुपारीत त्याचा आवाज जाड झालेला. “बाबा, उद्यापासून तू घरी ऱ्हा. होडीचं मी बघतो.”

“अरे, काटा काढायला बसलेलो!”

“सगले असंच बोलतात.”

“मी काय म्हातारा झालो?”

“सुई घेतलीस का नाय?”

“घेतली. काटा काढायला.”

“मंग झालं तर,” गुणाजी समजुतीने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दामाजी बंदरावर पोचला तेव्हा त्याची होडी खाडीत बरीच पुढे गेलेली, आणि सुकाणूवर गुणाजी बसलेला. चांगला बसलेला, हे जास्त लागलं. दामाजी तणतणत उलट्या होडीपाशी गेला. बसला मात्र नाही.

“धाकूदादा, तू कधी म्हातारा झालास?”

धाकूने सुई थांबवली. हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. “मी? एकोणसत्तर साली. डोक्यावरून विमान चाललेलं. मान वर करून चक्कर आली, म्हणून टेकलेलो.”

“आनि तू रे महिपत?”

“माझी चप्पल तुटलेली.”

तानाजी विडी पेटवायला वाऱ्याच्या आड बसला होता. धोंडिबा कुणाची तरी वाट बघत होता. कुणाची, ते आता त्याला आठवत नव्हतं, पण तो माणूस अजून आलेला नव्हता एवढं नक्की.

“मंग उठला का नाय?” दामाजी ओरडला.

“उठतच होतो,” धाकू म्हणाला. “तेवढ्यात चहा आयला.”

चहा संपवायला त्याला बावीस वर्षं लागलेली. दामाजीने चौघांकडे आळीपाळीने पाहिलं. म्हातारपणामुळे बसलेला असा त्या होडीवर एकही माणूस नव्हता.

“उठा,” तो म्हणाला.

“कुठं जायाचं?”

“आधी उठा तं खरं!”

चौघे उठले. धाकूच्या गुडघ्यांनी जो आवाज केला तो थेट देवळापर्यंत ऐकू गेला. मग पाचांनी मिळून होडी सुलटी केली. खाली एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. तिची शांतपणे दुसरीकडे सोय करण्यात आली.

पुढचे तीन आठवडे ते फटीत काथ्या ठोकत होते आणि वरून डांबर फासत होते. बंदरावर बघ्यांची गर्दी व्हायची. पन्नाशीतली दोन-तीन माणसं फार अस्वस्थ होती. पुढेमागे आपण बसायचं कुठे, अशी त्यांना काळजी लागलेली.

“फुटकी होडी नि वर पाच फुटके,” मनुबाई म्हणाली. “पानी आत आयलं तर?”

“उपसू.”

“नि उपसून दमलात तर?”

“बसू. पन आत बसू, वर नाय.”

होडी पाण्यात लोटली त्या दिवशी मनुबाईने पाणी उपसायला चार रिकामे डबे आणून दिले. पाचवा नाही दिला, कारण पाचवा माणूस सुकाणूवर असणार होता.

सगळं गाव होडी बुडताना बघायला आलं, आणि होडीनेही त्यांना अगदीच निराश केलं नाही. खाडीच्या मध्यावर पोचेपर्यंत पाणी घोट्याला लागलं. धाकू नि मंडळी उपसत होती, आणि प्रत्येक डब्याबरोबर एकमेकांच्या बापाचा उद्धार करत होती. इतकी बडबड त्यांनी बावीस वर्षांत मिळून केली नव्हती.

गुणाजी घाबरून जोरात वल्हवत आला. त्याने आपली होडी शेजारी लावली. चेहरा पार उतरलेला.

“बाबा, चुकलं माझं. हिकडं ये. सुकाणू घे तुझं, मी पुढं बसतो.”

दामाजीने त्याच्याकडे पाहिलं. महिनाभर त्याला हेच हवं होतं.

“नको. नीट धरतोस तू. तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे.”

“अरे, पन पानी भरतंय तुमच्यात!”

“दिसतंय मना,” दामाजी म्हणाला. “बाजूला हो जरा, जालं टाकायचं हाय.”