डावा पीळ

"आई, हातमोजे घाला! मोज्यांशिवाय धरायचं नाही," ईप्सिता दबक्या आवाजात म्हणाली.

कुसुमबाईंनी निमूटपणे मोजे चढवले आणि खंजिराचे म्यान पुन्हा डोळ्यांजवळ नेले. चांदी बघायची, आणि तीही मोजे घालून! घरोघर चांदीचे दागिने घडवणाऱ्या हुपरीत कुणाला सांगितले असते तर हसून लोळले असते.

मुलगा निहार दिवसभर जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या मोटार कारखान्यात, म्हणून सून त्यांना न्युरेम्बर्गच्या या छोट्या संग्रहालयात घेऊन आली होती. जुन्या धातूंवर ती डॉक्टरेट करत होती. म्यान इंडोनेशियातल्या बुगिस लोकांचे होते; शेजारी तशीच आणखी काही मांडली होती. लाकडी अंग, टोकाला कोरीव नक्षीची चांदीची टोपी आणि मध्यावर चांदीचा पट्टा. पट्ट्यावर पिळलेल्या तारेची वेल अशी बसवली होती की कुसुमबाईंची नजर हलेना.

संग्रहालयाच्या प्रमुख फ्राउ केलर मात्र मान हलवत होत्या.

"काय म्हंतीया बाई?" कुसुमबाईंनी विचारले.

"टोपी अस्सल आहे म्हणतात, पण पट्टा नंतर दुसऱ्या कुणीतरी चढवलाय. बाकी सगळ्या म्यानांवर तारेचा पीळ उजवा, ह्याच्यावरच उलटा. सोमवारी आउसश्टेलुंग, म्हणजे प्रदर्शन आहे, त्याच्या आत पट्टा उतरवणार." ईप्सिताने पट्ट्याकडे बोट दाखवले. "माझं अख्खं चॅप्टर ह्या पट्ट्यावर आहे, आई. दोन वर्षं घातलीयत मी."

उलटा पीळ! लग्नानंतर पहिल्याच वर्षी एक पैंजण सासूबाईंनी आणि दुसरे कुसुमबाईंनी डाव्या हाताने पिळलेल्या तारेचे झाले, आणि सराफाने जोडी जशीच्या तशी परत पाठवली. "एक पैंजण सरळ, एक उलटं, गिऱ्हाईक घालंल का?" असा त्याचा निरोप होता. सासूबाईंनी मग कुसुमबाईंचा डावा हात पदराने कमरेला बांधला आणि उजव्याने कामाला बसवले. उजवा शिकला. डाव्याने चांदी सोडली ती कायमची.

"ह्यो पट्टा दुसऱ्याचा न्हाई," कुसुमबाई म्हणाल्या. "कारागीर एकच. डावखुरा हुता त्यो. टोपीवरचं छिन्नीचं घाव बघ की. बाकीच्या म्यानांवर असं कललेत, हितं उलटं. टोपी अस्सल म्हंतीया न्हवं ती? मग पट्टा बी त्येचाच."

ईप्सिताने जर्मनमध्ये सांगितले. फ्राउ केलरनी भिंग उचलले, ह्या म्यानाची टोपी शेजारच्या म्यानाच्या टोपीशी ताडून पाहिली. "आल्झो..." असं आहे तर, अशा सुरात म्हणत त्यांनी भिंग खाली ठेवले. पुरती खात्री पटली नव्हती.

"तिला तांब्याची तार माग. आनि पक्कड."

तार आली. कुसुमबाईंनी मोजे काढून ठेवले. दुहेरी तारेचे टोक टेबलाच्या शिकंज्यात अडकवले आणि उजव्या हाताने पीळ भरला. तो इतर म्यानांवरच्या पिळाशी तंतोतंत जुळला. मग पक्कड डाव्या हातात घेतली. चाळीस वर्षांनी. हात क्षणभर अडखळला, आणि मग जो सुटला तो थांबेचना! पीळ कसा घट्ट, एकसारखा, उजव्यापेक्षा कितीतरी देखणा. त्यांनी तो पट्ट्याशेजारी ठेवला. रंग सोडला तर कुठली तार कुणाची, ओळखू येईना.

"गेनाऊ," फ्राउ केलर हळूच म्हणाल्या. मग जोरात, "गेनाऊ!" ईप्सिताने मराठीत सांगितले, "अगदी बरोबर!" फ्राउ केलरनी हात पुढे केला. कुसुमबाईंनी आपला डावाच हात दिला आणि त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. ईप्सिताने सासूला सगळ्यांदेखत घट्ट मिठी मारली.

सोमवारी म्यान पट्ट्यासकट काचेत होते. शेजारी तांब्याचे दोन पीळ, आणि पाटीवर कुसुमबाईंचे नाव, गावासकट. ईप्सिताने पाटी वाचून दाखवली: म्यानावरची सारी चांदी एकाच डावखुऱ्या कारागिराची.

"परत वाच."

तिने परत वाचले.

"त्येचा माल कुनी माघारी धाडला न्हाई बघ," कुसुमबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते आणि त्या हसत होत्या. मग त्यांनी पदर सावरला आणि डावा हात काचेवर ठेवला.