मुंग्या येणारा डबा

माझ्या सासूबाई बायजाबाई तुर्भे गावच्या धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवला गायल्याशिवाय हळद लागत नाही, आणि सासूबाईंचा धवला म्हणजे काय विचारता! घणसोलीपासून पार पनवेलपर्यंत बोलावणी यायची. बाहत्तर साली कुणीतरी त्यांच्या आवाजाची छोटी तबकडीसुद्धा काढली होती. पुढे घशात गाठ आली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज मात्र कायमचा गेला. ओठ हलायचे, बाहेर काही म्हणजे काही नाही.

ब्याऐंशीत माझी नणंद शांती हिचं लग्न उलव्यात ठरलं. म्हातारीने खुणा करून बजावलं, लेकीच्या हळदीला धवला माझाच लागेल, तबकडीवरचा.

आमचे हे, तुळशीराम, आधीच गाण्याचे वेडे. चोरबाजारातून चांगला प्लेअर आणून ठेवलेला होताच. पण सुईतून येणारा आवाज एवढुसा असतो. तो आधी साफ करून वाढवणारा एक डबा मध्ये लागतो, प्रीअँप म्हणतात त्याला. मग कुठे तो मांडवातल्या भोंग्यावर जातो. ह्यांनी दोन डबे आणले, पसंत पडेल तो ठेवायचा या बोलीवर.

पहिला जड होता, आत चांगला वाटीएवढा ट्रान्सफॉर्मर. तो लावला आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. सासूबाईंनी ओळीआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. मी म्हटलं, "हाच ठेवा, दुसरा बघूच नका."

सासूबाईंनी त्या डब्यावर पंजा ठेवला, थोडं थांबल्या आणि तोंड वाकडं केलं. मग दुसरा लावला. तो पत्र्याचा, हलका, कर्कश. त्यावर हात ठेवला मात्र, म्हातारीचा चेहरा असा खुलला की विचारू नका. शांतीला आईचे ओठ वाचता यायचे. ती म्हणाली, "वयनी, आय सांगते, हाताला मुंग्या येतान. माजा गला यान हाय, म्हनते."

मी बोट लावून पाहिलं तर कोपरापर्यंत झिणझिण्या! "अहो, करंट मारतोय हा!"

ह्यांनी टेस्टर लावला. त्यातला दिवा लाल पेटला. आणि या माणसाला त्याचं काही वाटेल? "आत ट्रान्सफॉर्मर नाय ना, थोडा मारनारच. रबरी चप्पल घालून हात लावायचा. टेन्शन नको घेव."

"टेन्शन काय नको? घरात माणसं आहेत की दगड?"

"आयेला पसंत हाय ना? मंग झाला."

आईचं नाव आलं की ह्यांची अक्कल गहाण पडते. जड डबा परत गेला. मी चार दिवस यांच्याशी धड बोलले नाही, पण कोणाला फरक पडतोय?

त्यानंतर रोज दुपारी म्हातारी चप्पल घालून स्टुलावर बसायची, डब्यावर पंजा, डोळे मिटलेले. तबकडीवर धवला चालायचा आणि तिचे ओठ बरोबर त्याच्यावर हलायचे. वाटायचं तीच गातेय. मला ते बघवायचं नाही. एकदा न राहवून मी भिंतीतली पिन उपटली, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचा गळाच दाबला होता. खरं सांगते, तेव्हापासून मला तिची भीती वाटायला लागली.

हळदीच्या दिवशी मांडवात ताजं सारवण, अजून ओलं. चपला सगळ्या बाहेर. मी ह्यांना दहादा सांगितलं, डब्यापासून हलू नका, आईला जवळ येऊ देऊ नका. हो हो म्हणाले आणि उलव्याची माणसं आली तसे धावले पुढे.

मी मागच्या दारात हळद कालवत होते. भोंग्यावर धवला सुरू झाला. बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या. मी मान वर केली तर सासूबाई शांतीला पाटावरून उठवत होत्या. म्हातारीच्या पायात रबरी चप्पल होती, तिला कोण टोकणार? शांती अनवाणी, हळदीसाठी नुकतीच न्हालेली, ओल्या सारवणावर. आपली विद्या लेकीला द्यायची, एवढंच म्हातारीच्या मनात. तिने शांतीचा पंजा मायेने धरला आणि डब्यावर टेकवून सोडला.

"शांती, नको!" मी किंचाळले. भोंग्यापुढे माझं कोण ऐकणार?

शांतीचा हात सुटेना. अंग ताठ झालं, मान मागे गेली. समोरच्या बाया हसल्या, त्यांना वाटलं पोरीच्या अंगात आलं. सासूबाईंना कळलं. त्यांनी तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या, सगळा जीव एकवटून त्या ओरडत होत्या, आणि मांडवभर त्यांचाच आवाज गोड धवला गात होता. एकही मान वळली नाही.

मी हळदीचं पातेलं टाकून धावले, वायर धरून भिंतीतून उपटली. शांती पडली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, गालावर थापट्या मारल्या, नाकाशी बोट धरलं. पोर गेली होती.

भोंगा बंद पडला होता. शेजारी सासूबाई अजून तोंड उघडून ओरडत होत्या. आणि पुरुषांच्या पंगतीतून कुणीतरी मोठ्याने हाक मारली, "अगो, गाना का बंद केला? चालू दे ना!"