छोटा नागपूरचा कैलास

कलकत्त्याच्या बालीगंजमधल्या आमच्या गच्चीवर त्या दुपारी चाळीस माणसं तोंड उघडून उभी होती. सूर्य तांब्याच्या पराती​सारखा लाल दिसत होता, आभाळ राखाडी झालं होतं, आणि मधोमध धूम्रानंद महाराज ओरडत होते, "खोल घ्या! आत घ्या! कैलासावरच्या यज्ञाचा धूर आहे हा. छातीत साठवा!"

महाराजांनी आदल्या संध्याकाळीच सांगितलं होतं, "उद्या धूर उतरेल." उतरला. १९७४ सालच्या त्या चैत्रात ही दुसरी खेप. मला कंटाळा आला होता. आयुष्यभर वर्तमानपत्रात बुवांची टिंगल करून पोट भरलं. निवृत्तीनंतर तरी त्यांनी मला मोकळं सोडावं की नाही?

पण पहिल्या रांगेत प्रेमलताबाई बसल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या श्यामरावांची बायको, जुना दमा. महाराज त्यांच्याकडेच मुक्कामाला. "औषध म्हणजे अविश्वासाची बाटली," असं म्हणून त्यांनी बाईंचं औषध बंद केलं होतं. बाई श्रद्धेने धूर ओढत होत्या आणि त्यांचे ओठ निळे पडत होते.

"श्यामराव, अहो डॉक्टरला बोलवा!" मी ओरडलो.

"रोग बाहेर पडतोय, तात्या. महाराज म्हणाले."

"बाहेर पडतोय तो जीव आहे."

त्या वेळी कशाबशा सावरल्या. तिसरी खेप झेपली नसती.

मी खाली दिगंबरकडे गेलो. हा आमचा शेजारी, हवामान कार्यालयात नोकरीला. त्याने बॅगेतून एक काळपट कागद काढला. "हे उपग्रहाचं कालचं चित्र. रोज सकाळी येतं. हा पुसट पट्टा बघा. ढगाला असा एका टोकाला उगम नसतो. छोटा नागपूरच्या रानात मोहाची फुलं वेचायला पाचोळा जाळतात, तो भडकला की रान पेटतं. पश्चिमेचा वारा असला की दुसऱ्या दिवशी धूर आपल्याकडे."

"मग महाराजांना आदल्या दिवशी कसं कळतं? त्यांचाही उपग्रह आहे?"

आतून प्रतिभा, त्याची बायको, ताक घुसळता घुसळता म्हणाली, "माझ्याकडून."

आम्ही दोघांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

"वाळवणाचे दिवस. कलकत्त्यातल्या निम्म्या मराठी बायका मला विचारतात, उद्या कुरडया घालू का? हे 'उद्या धूर' म्हणाले की मी 'नको' म्हणते. बायकांना वाटतं पाऊस. महाराज मात्र रोज संध्याकाळी ताकाला येतात आणि खोदून विचारतात, 'नको का, माई?' मी सांगते, धूर येणार म्हणून."

"आणि हे आम्हाला आत्ता सांगतेस?" दिगंबर ओरडला.

"पापडाच्या गप्पा तुम्ही कधी ऐकल्यात? महाराज तेवढे ऐकायचे. मला वाटलं, साधू माणूस, संसारात रस घेतो."

मी म्हटलं, "दिगंबर, आजच्या चित्रात रानावर पट्टा नाही ना? मग उद्या धूर येणार, असं सांगू."

"खोटा अंदाज? मी सरकारी माणूस आहे, तात्या!"

"मी नाहीये सरकारी," प्रतिभा म्हणाली आणि ताकात मीठ घातलं.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर साठ माणसं. आभाळ धुतल्यासारखं निळं. महाराजांनी अर्धा तास हात वर धरले. घाम उतरला, धूर नाही.

"इथे कुणाच्या तरी मनात शंका आहे!"

मी हात वर केला. "माझ्या आहे. पण ती मागच्या खेपेलाही होती, तेव्हा धूर अडला नाही."

प्रतिभा पुढे आली. "महाराज, काल मी मुद्दाम खोटं सांगितलं. तुम्ही तेच यांना विकलंत."

दिगंबरने मागचं चित्र कठड्यावर पसरलं आणि पट्ट्यावर बोट ठेवून सगळं पुन्हा सांगितलं. महाराज म्हणाले, "ही यंत्राची माया!" प्रेमलताबाई चित्रावर वाकल्या होत्या.

"म्हणजे दोन्ही खेपांना मी पाचोळा ओढत होते?"

"हो, वहिनी."

त्या नवऱ्याकडे वळल्या. "बाटली कुठे ठेवलीत?"

"अगं, महाराजांनी ती गंगेत…"

"मग नवी आणा. आत्ता. आणि येताना महाराजांसाठी हावड्याहून सुटणाऱ्या पहिल्या गाडीचं तिकीट."

श्यामराव जिना उतरले. महाराजही उतरले, पण वेगाने.

वाचकहो, थकल्या माणसाचं एवढंच मागणं. बुवाने पुढचं सांगितलं आणि ते खरं ठरलं, तर पाया पडण्याआधी विचारा, त्याला हे सांगितलं कुणी? आणि धाप लागलेल्या माणसाला कुणी धूर ओढायला सांगितलं, तर तेवढंही विचारत बसू नका. त्याला आधी खाली आणा.