भिंतीपलीकडची शीळ

"उघड. तोंड उघड म्हणतो ना!"

म्हातारा मेंढपाळ उंबऱ्याशी उकिडवा बसून कुत्रीच्या जबड्यात नाक घालून हुंगत होता. चांदणीनं निमूटपणे आ वासला होता. अंगानं काळीभोर आणि कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदणी.

"काय सापडलं? खजिना?" आतून बायकोनं विचारलं.

"मटणाचा वास येतोय."

"येणारच. काल तुम्हीच हाडं घातलीत तिला."

"आपल्या हाडांचा वास मला कळत नाही होय?" कवळी नवी होती. बोलताना तिच्या फटीतून वारा सुटे. "हा त्याच्या घरचा वास आहे."

'तो' म्हणजे धाकटा भाऊ. वाटणी झाली तेव्हा एका कळपाचे दोन कळप झाले, एका उताराचे दोन उतार झाले, आणि मधे दगडांची भिंत आली. गेल्या थंडीत धाकट्याची कुत्री म्हातारपणानं गेली. तेव्हापासून भिंतीपलीकडून त्याची नजर चांदणीवर आहे, असं म्हाताऱ्याच्या मनानं घेतलं होतं. आणि मनानं एकदा घेतलं की कुसळसुद्धा साक्ष देतं. चांदणीच्या कानामागून त्यानं एक कुसळ ओढून काढलं आणि उजेडात धरलं.

"हे बघ. हे गवत आपल्या बाजूला उगवत नाही."

"कुसळाला भिंत कळते होय, अहो?"

सवयीनं त्यानं तिचे चारही पंजे तपासले. बोटांच्या बेचक्यांत खडा रुतलाय का पाहिलं, भेगांना तूप चोळलं. राग होता, पण हात कसे हळुवारच चालत होते. हातांना अजून काही कळवलं नव्हतं जणू.

चांदणी भुंकणारी जात नव्हे. ती पोट जमिनीला लावून सरपटत जाई, मेंढीकडे टक लावून बघे, आणि त्या नजरेनंच कळप वळे. नजर तिची, पण हुकूम म्हाताऱ्याच्या शिळेचा. एक लांब, खाली उतरणारी शीळ म्हणजे बस. दोन आखूड म्हणजे डावीकडून जा. वर चढणारी म्हणजे उजवीकडून. जन्मापासून तिनं हीच भाषा ऐकली होती. आणि गेले काही आठवडे ती ऐकेनाशी झाली होती. शीळ घातली की उभीच राही, शेपूट पायांत घालून त्याच्या तोंडाकडे बघत राही.

जनावरांच्या डॉक्टरनं कान तपासले. "ठणठणीत आहेत," म्हणाला.

म्हणजे पाणी कुठंतरी मुरत होतं. बहिरी असती तर म्हाताऱ्यानं जन्मभर पोसली असती. फितूर कशी पोसायची? त्यानं मेंढ्या नेणाऱ्या गाडीवाल्याला निरोप धाडला होता. दुपारी तो येणार होता आणि चांदणीला लांबच्या कुरणावर कुणा अनोळखी माणसाकडे पोचवणार होता.

"तिला शेवटचं मेंढ्यांमागं तरी न्या," बायको म्हणाली, आणि भांडी जरा जास्तच आपटली.

उतारावर ऊन कोवळं होतं. मेंढ्या चरत चरत घळीकडे सरकल्या. घळीचा काठ ठिसूळ होता. पुढची पडली की मागची डोळे मिटून पडते, ही मेंढीची जात. म्हाताऱ्यानं दोन बोटं तोंडात घातली आणि डावीकडची शीळ घातली.

चांदणी दोन पावलं गेली आणि थांबली. मान वळवून त्याच्या तोंडाकडे बघू लागली.

"जा की, भवाने!"

पुन्हा शीळ घातली. कुत्री थरथरत होती, पण हलेना. पहिली मेंढी काठाशी पोचली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शीळ आली. दोन आखूड, स्वच्छ, पाण्यावर खडा टप्पे घेत जावा तशी. चांदणी बाणासारखी सुटली. डावीकडून वळसा घालून तिनं काठ धरला, आणि मेंढ्या मुकाट मागे फिरल्या. मग लांब शीळ आली, आणि ती गवतात दबून बसली.

म्हाताऱ्याला मेंढ्या वाचल्याचं दिसलंच नाही. त्याला पुरावा दिसला.

"चोरा!" तो भिंतीवर दोन्ही हात टेकून ओरडला. "माझी कुत्री फितवलीस! काय काय खायला घातलंस रे तिला?"

पलीकडे धाकटा उभा होता. तोही आता पिकला होता.

"काही नाही घातलं, दादा. दुसऱ्याच्या हातचं खाते होय ती?"

"मग तुझी शीळ कशी ऐकते?"

"माझी?" धाकटा म्हणाला. "ही कुणाची आहे, दादा? मला दात नव्हते आले धड, तेव्हा तूच मांडीवर बसवून शिकवलीस ना? बोटं कुठं धरायची, जीभ कुठं दुमडायची. मला दुसरी येतेच कुठं?"

म्हाताऱ्याचे हात भिंतीवरून खाली आले.

"तू कवळी बसवल्यापासून उतारावर भलतीच शीळ येते. मला वाटलं, कुणी परका मेंढ्या हाकतोय तुझ्या. चोर असेल म्हणून मी दोनदा काठी घेऊन आलो भिंतीपर्यंत. बघतो तर तू."

म्हाताऱ्यानं पाठ फिरवली. कवळी काढून सदऱ्याच्या खिशात टाकली, बोटं तोंडात घालून फुंकलं. नुसता वारा. पुन्हा फुंकलं. वाराच. चांदणी उठून त्याच्याकडे आली आणि त्याचे ओले हात हुंगू लागली.

घरी आल्यावर त्यानं बायकोला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"मला काय कान नाहीत?"

"मग बोलली नाहीस."

"बोलले असते तर म्हणाला असतात, ही धाकट्याची बाजू घेते."

दुपारी गाडीवाला आला, भोंगा वाजवून उतरला.

"काय मामा, कुठाय तुमची फितूर?"

"नाही द्यायची."

"आता हो? एवढ्या लांबून आलो!"

"चहा पिऊन जा," म्हातारा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उतारावरच्या मोठ्या दगडावर उभा राहिला. पलीकडे धाकट्यानं खाकरून आपण आल्याचं कळवलं. म्हाताऱ्यानं ठरल्या खुणेचा हात वर केला. बोटं तोंडात नव्हती, तरी ओठांचा चंबू तसाच झाला, जन्मभर होत आला तसा.

भिंतीमागून शीळ आली, वर चढत गेलेली, त्याच्या तरुणपणातली.

चांदणीचे कान भिंतीकडे वळले. डोळे मात्र म्हाताऱ्यावरच राहिले. त्याचा हात खाली येईपर्यंत ती जागची हलली नाही.