आपलं आणि परकं

मंगळवारी दुपारी तेजल उगलेने रूममेट ऋतुजाच्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली आणि पाय तेजलचा उडाला.

"पुन्हा मार," ऋतुजा म्हणाली.

पुन्हा तेजलचाच उडाला. परीक्षेला नऊ दिवस होते. मज्जासंस्थेचा धडा त्यांनी तिथेच मिटला आणि रोगप्रतिकारशक्तीचा उघडला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आपलं कोण, परकं कोण हे कसं ओळखतात, तेवढंच राहिलं होतं.

पहिलं पान संपायच्या आत दोन गोल, पांढऱ्याफटक बायका हॉस्टेलच्या त्या खोलीत आल्या. दार बंद होतं. त्या अंग चोरून भिंतीतून आल्या. उशा, बादली, पुस्तकं चाचपत प्रत्येक वस्तूला "आपलं, आपलं" म्हणाल्या. मग त्यांनी दोघींची मनगटं धरली.

"यातली एक परकी आहे," थोरली म्हणाली. "कोण ते तुम्हीच सांगा. आम्ही थांबतो."

त्या थांबल्या. खोली तापू लागली.

तीन वर्षं दोघी एका ताटात जेवल्या होत्या. तेजल टायफॉइडने पडली तेव्हा ऋतुजाने उशाशी बसून तिला अख्खं शरीरशास्त्र वाचून दाखवलं होतं. तरी आत्ता तेजलच्या मनात आलं, ही एवढी शांत कशी?

"तुझ्या आईचं नाव काय?" तिने विचारलं.

"शकुंतला."

"ते माझ्या आईचं आहे."

"माझ्याही," ऋतुजा म्हणाली. "तेजू, घाबरू नकोस गं. दोघींनीही बोलायचं नाही. कंटाळून जातील त्या."

हिला वेळ काढायचाय, तेजलला वाटलं. संधी मिळाली की ही माझंच नाव घेणार. तिने बोट दाखवलं.

"ही."

बायकांनी ऋतुजाला दोन्ही बाजूंनी मिठी मारली. मिठी घट्ट होत गेली. "तेजू," एवढंच ऐकू आलं. मग तिथे त्या दोन बायकाच उरल्या, थोड्या जाड झालेल्या.

"हिचा आवाज आता पक्का लक्षात राहील," धाकटी पोटावरून हात फिरवत म्हणाली. "पुन्हा कुठे ऐकू आला तर विचारत बसणार नाही."

त्या आल्या तशा भिंतीतून गेल्या.

तेजल रिकाम्या कॉटकडे बघत राहिली. रडू येईना. शेवटी तिने पुस्तक पुढे ओढलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य ऋतुजाच्या आवाजात बाहेर पडलं.

समोरची भिंत हलकेच फुगली.